वाडीच्या वाचनालयात पब्लिक वायफाय आणि मदतीचं टेबल: रत्नागिरी, २०२५ च्या नोंदी

आधी काम काय ते सांगतो. रत्नागिरीत मांडवीच्या बाजूला आमच्या वाडीचं छोटं वाचनालय आहे, चिऱ्याच्या जाड भिंती, वर मंगलोरी कौलं, दोन खोल्या आणि पुढे पडवी. तिथे कोणालाही वापरता येईल असं नेट आणायचं, दोन कॉम्प्युटर ठेवायचे आणि संध्याकाळी कोणीतरी बसून लोकांना ऑनलाइन फॉर्मला मदत करायची, एवढंच. मी इलेक्ट्रिकलची कामं घेतो, नेटवर्किंग बघून बघून शिकलेलं. पैसे मंडळाच्या शिमग्याच्या शिलकीतले आणि थोडी मुंबईकरांची वर्गणी. दुसऱ्या कोणाला आपल्या वाडीत हेच करायचं असेल तर उपयोगी पडेल म्हणून लिहून ठेवतोय, किनाऱ्याला राहत असाल तर केबलचा भाग आधी वाचा.

३० मार्च, पाडवा

मीटिंग झाली. अण्णा (वाचनालयाचे सेक्रेटरी) पहिल्यापासून विरोधात, म्हणाले अरे सगळ्यांच्या खिशात नेट आहे, तू वेगळं काय देणार? प्रश्न चुकीचा नव्हता म्हणून कॉलेजच्या दोन मुली आणि मी घरोघर फिरून आलो. फोन आहेत, पण बऱ्याच घरात चांगला फोन एकच आणि तो सकाळी घरातल्या पुरुषाबरोबर कामाला किंवा होडीवर जातो, मागे राहतो तो बटनाचा. रिचार्ज संपला की चार-आठ दिवस तसाच. आणि चिऱ्याच्या घरात रेंज येत नाही, बोलायचं झालं तर माणसं बाहेर बांधावर येऊन उभी राहतात. अण्णांनी ऐकून घेतलं, मान हलवली, वर्गणीच्या वहीत मात्र स्वतःचं नाव सगळ्यात शेवटी लिहिलं.

८ एप्रिल

कनेक्शनची चौकशी. घरगुती प्लॅन घेऊन पासवर्ड भिंतीवर चिकटवायचा हा सोपा मार्ग, पण घरगुती कनेक्शन असं पब्लिकला वाटता येत नाही, आणि कोणी त्यावरून काही उद्योग केला तर पोलीस ज्याच्या नावावर कनेक्शन त्याच्याच दारात येणार. म्हणून पीएम-वाणीत जायचं ठरलं. केंद्राने डिसेंबर २०२० मध्ये मंजूर केलेली ही योजना आहे, त्यात चहाची टपरी, किराणा दुकान, वाचनालय कोणीही पब्लिक डेटा ऑफिस (लोकांना वायफाय देणारं केंद्र) होऊ शकतं, लायसन्स नाही, सरकारकडे नोंदणी नाही, फी नाही. एका अ‍ॅग्रिगेटरशी जोडून घ्यायचं (अशी बरीच केंद्रं एकत्र सांभाळणारी कंपनी), माणूस मोबाइल नंबर आणि ओटीपी टाकून आत येतो, कोण कधी आलं याचा हिशोब अ‍ॅग्रिगेटर ठेवतो, आपण नाही.

कागदावर छान आहे. नेट देणाऱ्या कंपनीच्या काउंटरवर योजनेचं नाव घेतलं तर समोरच्याने ऐकलेलंच नव्हतं, आणि वर विचारून आला तो लीज लाइनचा (मोठ्या ऑफिसांना देतात त्या खास लाइनचा) रेट घेऊन, वर्षाचा आकडा आमच्या अख्ख्या बजेटच्या वर. दुसऱ्या एका लोकल केबलवाल्याने १०० एमबीपीएसचं व्यावसायिक कनेक्शन महिना १,२०० अधिक जीएसटीने द्यायचं कबूल केलं आणि पब्लिक वायफायला हरकत नाही असं लिहूनही दिलं. लिहून घ्या, तोंडी नको.

१९ एप्रिल

फायबर आली. खांबावरून खांबावर, मग आंब्यावरून, मग आमच्या पागोळीला. आंब्यावरून आणू नका म्हटलं होतं कारण आमच्याकडे वांदर आहेत आणि आंब्याच्या दिवसात तर विचारायलाच नको, पण केबलवाल्याचं पोरगं म्हणालं काका काही होत नाही. आठवड्याच्या आत ओएनटीवर (फायबर आत येऊन जोडतात तो डबा) लाल दिवा, केबल फांदीवरून लोंबतेय. दुसऱ्यांदा आणली ती भिंतीच्या कडेने, पीव्हीसी पाइपातून.

अजून एक, दिवा हिरवा लागला की कनेक्शन झालं असं धरू नका. ओएनटीच्या पेजवर रिसीव्ह पॉवर (फायबरमधून पोचणाऱ्या सिग्नलची ताकद) बघा. आमची मायनस २६.८ डीबीएम आली होती, म्हणजे चालतंय पण हद्दीवर चालतंय, पावसात जॉइंटमध्ये ओल शिरली की तुटणार. त्या पोराला वर चढवून जॉइंट परत मारायला लावला, मायनस २१ आली, म्हणजे बरीच सुधारली. तो वैतागला, मी त्याला कोकम सरबत पाजलं. लटकत्या केबलमधली स्टीलची तार बाहेरच्या हुकाला संपवा, घरात आणू नका, ढगातली वीज तिच्यातून येते.

२७ एप्रिल

पडवीत बाहेरच्या वापराचा अ‍ॅक्सेस पॉइंट (वायफाय पसरवणारा डबा) लावला, ओएनटी आतल्या खोलीत. पहिल्या दिवशी मस्त. मग केबलची लिंक हजार एमबीपीएसवरून शंभरवर येऊ लागली, मध्येच बंद, मध्येच चालू. मी पॉवर सप्लाय बदलला, अ‍ॅक्सेस पॉइंट रिसेट केला, फर्मवेअर टाकला, आठवडा गेला त्यात. शेवटी कनेक्टर कापून बघितला तर आतल्या तारांवर पांढरी पूड. ब्लेडने तार खरवडली तर आत तांबं नाहीच, अ‍ॅल्युमिनियम, वरून नुसता तांब्याचा मुलामा. बॉक्सवर कॅट सिक्स (नेटवर्क केबलचा दर्जा) छापलेलं होतं आणि बारीक अक्षरात सीसीए, म्हणजे हीच मुलाम्याची तार, मीटरला वीस रुपये वाचवले होते आम्ही.

घाटावर अशी केबल काही वर्षं निघते कदाचित, इथे खारं वारं लागतं. हजार एमबीपीएसला चारही जोड्या लागतात, शंभरला दोनच पुरतात, म्हणून एक जोडी गेली की लिंक शंभरवर येते, हे लक्षात ठेवलं तर माझ्यासारखा आठवडा जाणार नाही. नवीन केबल पूर्ण तांब्याची, बाहेरच्या वापराची, काळ्या कोटची घेतली. दुकानात घेतानाच टोक खरवडून बघा, दुकानदाराला राग आला तर दुसरं दुकान. कनेक्टरमध्ये सिलिकॉन ग्रीस, बाहेरून स्वतःला चिकटणारी रबर टेप, आणि अ‍ॅक्सेस पॉइंटच्या खाली केबलला झोळ सोडायचा म्हणजे पाणी झोळावरून गळतं, आत जात नाही.

भिंतीबद्दल पण इथेच लिहितो. दीड फुटी चिऱ्यातून पाच गीगाहर्ट्झचं वायफाय पलीकडे जवळजवळ जातच नाही. आतल्या खोलीसाठी वेगळा स्वस्तातला राउटर लावावा लागला, एकाच डब्यात सगळं भागवायचा नाद सोडा.

१० मे

वळवाचा पाऊस आणि विजा. पीओई इंजेक्टर (नेटच्या केबलमधूनच वीज पुरवणारा डबा) जळला, अ‍ॅक्सेस पॉइंटचा पोर्ट पण मेला. ४,२०० रुपये पाण्यात, आणि त्यात मी इलेक्ट्रिकलवाला, वाडीत तोंड दाखवायला जागा नाही. जुन्या इमारतीचं अर्थिंग नावालाच होतं, हातभर मातीखाली कातळ आणि मे महिन्यात तो कातळ ठणठणीत कोरडा, रॉड नुसता उभा. नवीन रॉड मोरीचं पाणी जातं त्या बाजूला घातला, तिथे बारा महिने ओल असते. मेन बोर्डाचं अर्थिंग आणि हे नवीन एकमेकांना जोडलं, दोन वेगवेगळी ठेवली तर विजेच्या वेळी दोघांमधला फरक आपल्या यंत्रातून जातो. केबलच्या दोन्ही टोकांना सर्ज प्रोटेक्टर (विजेचा झटका अडवणारे). आणि ढग दिसले की जो कोणी वाचनालयात असेल त्याने प्लग काढायचा, हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे.

२६ मे

खांबाचा क्लॅम्प, रंग, पडवीचं पत्र्याचं छप्पर, हे सगळं जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत करू असं ठरवलेलं. पावसाने वाट बघितली नाही. अरबी समुद्रातला कमी दाबाचा पट्टा २४ तारखेला रत्नागिरी आणि दापोलीच्या मध्ये किनाऱ्याला आला आणि २५ ला मान्सून महाराष्ट्रात आल्याचं जाहीर झालं. रंग न लावलेला क्लॅम्प तसाच भिजत राहिला, श्रावणापर्यंत गंजून हातात आला. नंतर स्टेनलेसचा ३१६ नंबरचा मागवला, साधा ३०४ इथे डाग धरतो.

लाइट गेली ती गेलीच. ओएनटी आणि अ‍ॅक्सेस पॉइंटसाठी इन्व्हर्टर नको होता, दोन्ही बारा व्होल्टवर चालतील असं करून एक बॅटरी लावलेली, ती छान टिकली. पण पहिल्या संध्याकाळनंतर नेटच गेलं कारण केबलवाल्याच्या नाक्यावरच्या पेटीतली बॅटरी संपली. आपल्याकडे कितीही बॅकअप असला तरी मधली पेटी कोणाच्या भरवशावर आहे ते कनेक्शन घेतानाच विचारा. आता आम्ही सिमकार्डवर चालणारा एक छोटा राउटर पडवीत ठेवलाय, वेगळ्या कंपनीचा. वादळात त्यावर लोकांना हवामानाचे इशारे बघता येतात आणि मुंबईला "आम्ही बरे आहोत" एवढं कळवता येतं, व्हिडिओ वगैरे बंद ठेवलंय.

१८ जून

बातमी: ट्रायने (दूरसंचार नियामकाने) आदेश काढलाय, घरगुती फायबरचे २०० एमबीपीएसपर्यंतचे प्लॅन पीएम-वाणीवाल्यांना घरगुती दराच्या जास्तीत जास्त दुप्पट दराने द्यायचे. एप्रिलमध्ये असता तर लीज लाइनवाल्याला तोंडावर दाखवला असता. आता सुरू करणाऱ्यांनी त्या आदेशाची प्रिंट घेऊनच काउंटरवर जा. आम्ही केबलवाल्यालाच ठेवलं, रेट जवळपास तोच पडतो आणि तो फोन उचलतो.

५ जुलै

आजचा दिवस लिहायलाच हवा. रेल्वेचं रिझर्व्हेशन ६० दिवस आधी सकाळी ८ ला उघडतं, गौरी विसर्जन २ सप्टेंबरचं, म्हणजे मुंबईकरांच्या ३ तारखेच्या परतीच्या तिकिटांचा दिवस आज. पावणेआठला पडवी भरलेली. कोकणकन्या, तुतारी, मांडवी, कोणाला काय मिळेल ते. आणि आठला पाच मिनिटं असताना नवीन फोन वायफायला लागेनात, "आयपी मिळत नाही", म्हणजे राउटर फोनला नेटवर्कचा पत्ताच देईना. बरोबर आठच्या तोंडाला. शिव्या खाल्ल्या.

कारण नंतर सापडलं. राउटर पन्नासच पत्ते वाटत होता आणि एकदा दिलेला पत्ता चोवीस तास राखून ठेवत होता, आणि आमची पडवी एसटीच्या वाटेवर, जाणायेणाऱ्यांचे फोन नुसते जाता जाता पत्ता घेऊन गेलेले. पत्ता राखायची मुदत (लीज) अर्ध्या तासाची केली, पत्ते वाढवले, परत झालं नाही. शाळा, देऊळ, स्टँड अशा ठिकाणी लावणार असाल तर पहिल्या दिवशीच करा.

ज्यांचं नेट चाललं त्यांना तरी तिकीट मिळालं का, तर बऱ्याच जणांना वेटिंग. ते आपल्या हातात नाही.

पण एक गोष्ट आजच डोक्यात शिरली. आतल्या खोलीत नेट फुल, कॉम्प्युटर तयार, आणि ओटीपी येत नाही कारण मोबाइलची रेंज नाही. माणूस फोन घेऊन धावत बाहेर, ओटीपी वाचून धावत आत, तोवर वेळ संपली. फोनमध्ये वायफाय कॉलिंग चालू केलं की आत कॉल तरी येतात, पण ओटीपीचा भरवसा सगळ्या फोनवर सारखा नाही. शेवटी टेबलच पडवीत आणलं. चांगली खोली रंगवून, पंखा लावून ठेवलेली, ती आता पुस्तकांनाच.

२७ ऑगस्ट

गणपती. काम बंद. वायफाय चालू.

२४ सप्टेंबर

लाडकी बहीणचं ई-केवायसी (आधारवर ओळख पटवणं) १८ तारखेला निघालं तेव्हापासून टेबलासमोर बायकांची रांग. हे आम्ही योजलेलंच नव्हतं, मी आपला केबल-क्लॅम्पमध्ये होतो. टेबल चालवते ती बीकॉमची मुलगी, सगळं तिनेच उभं केलं, खालचं सगळं तिचं शहाणपण आहे.

फॉर्म दोन मिनिटांचा. बाईचा आधार, त्यावर ओटीपी, मग नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार, त्यावर ओटीपी. दुपारी साइट अडकते, पहाटे सहाला किंवा रात्री अकरानंतर पटकन होतं, म्हणून तिने पहाटेची वेळ पण ठेवली, मासळी घेऊन बाजारात जाणाऱ्यांना तीच सोयीची. अडतं ते दुसऱ्या ओटीपीवर. १ ऑगस्टला मासेमारीबंदी उठली, होड्या बाहेर, नवरा समुद्रात, त्याचा फोन रेंजच्या बाहेर, इथे बायको टेबलावर बसून त्याच्या ओटीपीची वाट बघतेय. कितीही एमबीपीएस द्या, याला इलाज नाही. मग टेबलावरच्या मुलीने मिरकरवाड्याला (इथलं मासेमारी बंदर) होडी कधी लागणार ते विचारून नावं तशी लावली. होडी लागली की नवरा तिकडून फोन करतो, बायको इकडे टेबलाशी फॉर्म उघडून तयार, नवरा जेटीवरून आकडे वाचतो. मोहल्ल्यातल्या एका भाभीने स्वतःचं झाल्यावर तिथल्या दहाबारा जणींची यादी करून आणली, तीही अशीच होडीच्या वेळेनुसार.

ज्यांचा नवराही नाही आणि वडीलही नाहीत त्यांनी कोणाचा आधार टाकायचा, याला फॉर्मवर जागाच नाही. त्यांची नावं वेगळ्या वहीत लिहून ठेवलीत, अंगणवाडीच्या ताईंना दिलीत. एक मावशी रोज येऊन विचारते, टेबलावरच्या मुलीकडे उत्तर नाही, तरी ती रोज मावशीला बसवून चहा देते.

दुसरी अडचण आधारला लागलेला नंबर. कोणाचा मुलाने मुंबईला नेलेल्या सिमचा, कोणाचा रिचार्ज न करून बंद पडलेला. आता नियम असा केलाय की फॉर्म उघडायच्या आधी आधारच्या साइटवर नंबर पडताळायचा, शेवटचे तीन आकडे दिसतात, ते बघून बाईला विचारायचं हा फोन कुठे आहे. फोन हातात नसेल तर फॉर्म उघडायचाच नाही, सरळ आधार केंद्रात पाठवायचं, तिथे नंबर बदलून मिळतो. त्याची फी आत्ता पन्नास रुपये आहे, १ ऑक्टोबर २०२५ पासून पंचाहत्तर होणार, म्हणून या आठवड्यात रिक्षा करून बायका गटाने जातायत. वायफायवर झाला त्यापेक्षा या रिक्षाच्या खर्चाचा उपयोग जास्त झाला असं मला वाटतं, अण्णांनी तो मंडळाच्या खात्यातून दिला, न मागता.

खोट्या लिंका व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतायत. टेबलावर कागद लावलाय: साइटच्या नावाच्या शेवटी महाराष्ट्र डॉट जीओव्ही डॉट इन नसेल तर बंद करा, ओटीपी फोनवर कोणाला सांगू नका, पैसे गेलेच तर लगेच १९३० ला फोन. आम्ही ओटीपी विचारत नाही, माणूस स्वतः टाइप करतो, वेळ लागला तरी चालेल. जेटीवरचा नवरा आकडे वाचतो तो पण बायकोला, टेबलाला नाही. कोणाच्या आधारची झेरॉक्स ठेवत नाही, डाउनलोड फोल्डर रोज रात्री रिकामा.

१५ ऑक्टोबर

मुंबईकरांनी दिलेले दोन जुने कॉम्प्युटर. विंडोज १० चे अपडेट कालपासून बंद, ११ या यंत्रांवर बसत नाही, म्हणून विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही फुकट मिळणारी सिस्टिम टाकली. ब्राउझर आणि प्रिंट एवढंच लागतं, लोकांना फरक कळलाही नाही. प्रिंटरने मात्र रविवार खाल्ला. वाचनालयाची पुस्तकांची यादी जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेली, उघडली की नुसती अक्षरांची भेळ. ती परत टाइप करायला कोणाला बसवायचं हा वाद चालू आहे. म्हाताऱ्यांना कीबोर्ड शिकवायचा प्रयत्न सोडून दिला, मोबाइलवर माइक दाबून मराठीत बोलायला शिकवलं, ते जमतं.

९ नोव्हेंबर

पेन्शनवाल्यांचा हयातीचा दाखला. जीवन प्रमाण अ‍ॅपवर चेहऱ्याने होतो, बोटांचे ठसे झिजलेल्यांची सुटका. पडवीत पाठीमागून समुद्राचा उजेड येत होता म्हणून चेहरा काळा दिसून सारखं फेल जात होतं, खुर्ची फिरवून तोंड अंगणाकडे केलं की एका झटक्यात. चष्मा काढायला सांगा, आणि पापणी मिटायला सांगितल्यावर लोक डोळे गच्च मिटून बसतात, म्हणून आधी एकदा करून दाखवा. पीपीओ नंबर (पेन्शनच्या आदेशावरचा) आणि बँक पासबुक घरून आणायला सांगा, नाहीतर परत फेरी. एक निवृत्त गुरुजी इस्त्रीचा शर्ट घालून, पावडर लावून आले, फोटो आहे म्हणून.

खर्च, आत्तापर्यंत

अ‍ॅक्सेस पॉइंट (दुसरा धरून) ८,६००. आतला राउटर १,४००. केबल ३,१००, त्यातले फुकट गेलेले ९००. अर्थिंग आणि सर्ज प्रोटेक्टर ५,२००. बॅटरी, चार्जर ४,८००. क्लॅम्प, पाइप, टेप, ग्रीस मिळून २,३००. सिमचा राउटर २,६००. प्रिंटर जुना, १,५०० ला. महिन्याचं नेट जीएसटी धरून १,४१६. रिक्षा वेगळी. माझी मजुरी धरलेली नाही. टेबलावरच्या मुलीला मंडळ महिना २,००० देतं, कमी आहे, जानेवारीच्या मीटिंगमध्ये वाढवून मागणार आहे.

राहिलेलं: पडवीचं छप्पर. अर्थिंगचं रीडिंग एप्रिलच्या शेवटी, कातळ कोरडा असताना. स्टेनलेसचा अजून एक क्लॅम्प. वहीतल्या त्या सहा बायकांचं काय झालं ते अंगणवाडीत सोमवारी जाऊन विचारणे.